फुकटाची उचल, सक्तीचा ओटीपी

बीड शहरात अहिल्यानगरहून प्रवासी रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. स्वस्त इंटरनेटचे युग जिओसोबत देशात सुरू झाले ते नऊ वर्षे आधी, सप्टेंबर 2016 मध्ये. रुळांची वाट पाहण्यात पिढ्या गेल्या. इंटरनेटसाठी कुणी मोर्चा काढला नव्हता, तरी तेच आधी पोहोचले. न मागता दारात आलेल्या गोष्टीकडे जरा निरखून पाहावे.

गरिबांपर्यंत इंटरनेट कसे न्यावे, याचे एक उत्तर फेसबुकने दिले होते. फेब्रुवारी 2015 मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने कंपनीने भारतात इंटरनेट डॉट ऑर्ग आणले. पुढे त्याचेच नाव फ्री बेसिक्स झाले. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्रही होता. निवडक संकेतस्थळे फुकट, बाकी सगळ्याला पैसे. काहीच नसण्यापेक्षा थोडे मिळाले तर बिघडले कुठे, असा सवाल होता.

बीडच्या माणसाला हा सवाल नवा नाही. ऊसतोडीच्या हंगामाआधी टोळीचा मुकादमही हेच विचारतो. आगाऊ उचल घेताना पैसे खरेच हातात पडतात, दवाखान्याचे बिल खरेच भागते. पण फेड किती, हिशेब कुणाच्या वहीत आणि टोळी बदलायची मुभा आहे का, हे नंतर कळते. फ्री बेसिक्समध्येही वही कंपनीकडेच होती. दूरसंचार नियामक ट्रायने 8 फेब्रुवारी 2016 रोजी मजकूर पाहून डेटाचे दर ठरवण्यास मनाई केली. आता गरीब नेटविना राहणार, अशी ओरड झाली. सात महिन्यांत जिओने ती फोल ठरवली. म्यानमारमध्ये मात्र बहुतेकांसाठी फेसबुक म्हणजेच इंटरनेट होऊन बसले. तिथल्या द्वेषप्रसारात त्याचा वाटा होता, हे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने 2018 मध्ये नोंदवले.

फ्री बेसिक्सविरुद्धची लढाई जिंकून आपण निवांत झालो. देणाऱ्याच्या हेतूवर भरपूर बोललो. घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता येते का, हे विचारायचे राहूनच गेले.

दिवाळीच्या आगेमागे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूरच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. 2025 मध्ये नेमकी याच सुमारास ‘लाडकी बहीण’ योजनेची ई-केवायसी आली. आधी बाईचा आधार आणि ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा. आता उसाच्या फडावरची बाई डोळ्यांसमोर आणा. अंधारात कोपी म्हणजे झोपडी सोडलेली, दिवस पाचटात गेलेला. कोपीत वीज नाही, फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करायचा. फोन एकच, तोही नवऱ्याच्या खिशात. आधारला जोडलेले सिम रिचार्जअभावी कधीच बंद पडलेले. ओटीपी जातो त्याच नंबरवर. नंबर बदलायला आधार केंद्र गाठावे तर कामाचा खाडा, आणि खाडा उचलीत वळता होतो.

ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, त्यांनी कुणाचा ओटीपी आणायचा? हा प्रश्न यंत्रणेला उशिरा सुचला. मुदत वाढवावी लागली आणि अशा बहिणींना कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे द्यायला सांगावे लागले. शेवटी उपयोगी पडली ती गावातली सेविकाच. याच सेविकांनी ऑगस्ट 2021 मध्ये निकृष्ट मोबाइलला आणि इंग्रजी ॲपला कंटाळून सरकारी फोन परत केले होते.

ई-पीक पाहणीचीही तीच गत. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. पण रब्बीच्या नोंदीच्या दिवसांत शेताचा धनी शे-दोनशे किलोमीटरवर परक्याचा ऊस तोडत असतो. मग दुसऱ्याच्या फोनवाचून भागत नाही. एक रुपयातल्या पीकविम्याचे बीडमधले बोगस अर्ज विधिमंडळापर्यंत गाजले. ज्याच्या हाती लॉगिन, त्याच्या हाती योजना. मध्यस्थ हटवायला निघालेल्या यंत्रणेने नवे मुकादम उभे केले.

म्हणून ‘गरिबाला नेट हवेच कशाला’ म्हणणाऱ्यांच्या पंगतीला बसायचे कारण नाही. पूर्वी टोळी निघाली की रेशन गावातच राहायचे; आता अंगठा लावून कारखान्याच्या गावीही धान्य घेता येते. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ ठेवलेल्या लेकराचा चेहरा आईला रात्री फडावर दिसतो. ती रील्स पाहते म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी आधी आपला फोन तपासावा. करमणुकीचा हिशेब फक्त गरिबांकडेच का मागायचा?

पण नेट सक्तीचे करणारे सरकारच ते बंदही करते. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस बीड, माजलगावात जाळपोळ झाली. संचारबंदी लागली, इंटरनेट तोडले गेले. शांततेचे कारण मान्य केले, तरी ज्याचा अर्ज त्या दिवसांत भरायचा होता त्याने काय करायचे?

सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 च्या निकालात डिजिटल सुविधा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. प्रकरण दृष्टिहीनांच्या आणि ॲसिडहल्ला झालेल्यांच्या ई-केवायसीचे होते. कोयत्याने झिजलेल्या बोटांचा अंगठा यंत्रावर उमटत नसेल, तर न्याय तोच लागू व्हायला हवा. ज्याने डिजिटल वाट सक्तीची केली, तिच्यावरच्या खड्ड्यांचा भुर्दंड त्यानेच सोसावा. ओटीपी आला नाही म्हणून हक्काचा पैसा अडू नये. ग्रामपंचायतीत कागदी अर्ज बारमाही घेतला जावा, मुदती तोडणीचा हंगाम पाहून ठराव्यात, आणि ई-केवायसीचे यंत्र घेऊन कर्मचाऱ्याने फडावर जावे. कोणती टोळी कोणत्या फडात आहे, हे साखर कारखान्याला रोज ठाऊक असते. सरकारलाही ते विचारता येईल.