आवाज आपला, कान दुसऱ्यांचे

गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने आपल्या मोटारसायकलचा कंपनीने बसवलेला सायलेन्सर घरच्या अंगणातच उघडला. मागचे टोक कापून त्याने आतले पडदे काढले, उरलेल्या पत्र्याला ड्रिलने भोके पाडली आणि नळकांडे पुन्हा जोडून टाकले. सायंकाळी मला हाक मारून म्हणाला, "मामू, आता ऐका." आवाज भारदस्त झाला होता, हे मी नाकारणार नाही. पोराच्या हातात कसब आहे. मी एवढेच विचारले, "आणि शेजारीपाजारी?" त्यावर तो म्हणाला, "गाडी माझी, पैसा हलाल कमाईचा, मेहनत माझ्या हातची. यात हराम ते काय? सायलेन्सरचे नाव कोणत्या किताबात आले आहे?"

प्रश्न उर्मटपणाचा नव्हता, म्हणून त्याला रागावून गप्प करणे मला योग्य वाटले नाही. अशा वेळी वडीलधारी मंडळी सूरह लुकमानमधील गाढवाच्या ओरडण्याचा उल्लेख तेवढा ऐकवतात आणि उठून जातात. पोरगा तेवढा अपमान लक्षात ठेवतो. त्याच आयतीत चालण्यात मध्यम गती राखण्याचा आणि आवाज खाली ठेवण्याचा उपदेश एकत्र आला आहे, आणि तिच्या आधीच्या आयतीत जमिनीवर ऐटीत मिरवत चालण्याची मनाई आहे. चाल, ऐट आणि आवाज! दुचाकीवर बसलेल्या तरुणाला यापेक्षा जवळचे आणखी काय सांगायचे?

आवड मात्र मुळात दोषास्पद नाही. सहीह मुस्लिममधील एका हदीसनुसार, माणसाला आपले कपडे व पादत्राणे चांगली असावीत असे वाटले तर तो अहंकार ठरतो काय, असे एकाने विचारले. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले की, अल्लाह स्वतः सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य प्रिय आहे, अहंकार म्हणजे सत्य झिडकारणे व लोकांना तुच्छ लेखणे. तेव्हा भाच्याला इंजिनाचा गंभीर नाद आवडतो, हा त्याचा गुन्हा नव्हे. त्या नादापायी समोरच्या घरातील आजाऱ्याची झोप त्याच्या लेखी क्षुल्लक ठरते काय, इतकाच प्रश्न उरतो.

आता सायलेन्सर म्हणजे काय ते पाहू. इंजिनात प्रत्येक स्फोटानंतर तप्त वायू मोठ्या दाबाने बाहेर फेकला जातो. सायलेन्सरमधील कप्पे आणि छिद्रांच्या नळ्या त्याचा दाब टप्प्याटप्प्याने उतरवतात, ध्वनिलहरींना एकमेकींवर आदळवून शमवतात. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 मानकांच्या गाड्यांत याच मार्गात विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही असतो; घरगुती कापाकापीत पुष्कळदा तोही जातो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. दहाने वाढ झाली की ध्वनीची शक्ती दहापट होते. थोडक्यात, आसन, हँडल, टाकी हे सारे मालकाच्या सोयीसाठी असते. सायलेन्सर मात्र मुख्यतः इतरांसाठी असतो. मालकाच्या गाडीत बसवलेला तो शेजाऱ्यांचा हक्क आहे.

"गाडी माझी" या युक्तिवादाचे उत्तर मला सहीह बुखारीतील जहाजाच्या दृष्टांतात मिळते. खालच्या मजल्यावरील प्रवाशांना पाण्यासाठी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून त्यांनी आपल्याच भागात भोक पाडायचे ठरवले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, जागाही त्यांच्याच वाट्याची होती. तरीही त्यांना अडवले नाही तर सारेच बुडतील, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. भोक आपल्या हद्दीत पाडले तरी पाणी हद्द पाळत नाही. आवाजही पाळत नाही.

ह. मिकदाद (रजि.) यांनी सांगितलेली एक आठवण तर मला फार नाजूक वाटते. प्रेषित (स.) रात्री घरी येत, तेव्हा सलाम अशा स्वरात करीत की जागा असलेल्याला ऐकू यावा आणि झोपलेल्याची झोप मोडू नये. सलाम ही तर दुआ! मशिदीत मोठ्याने कुरआन पठण करणाऱ्यांनाही त्यांनी एकमेकांना त्रास न देण्याची व आवाज न चढवण्याची सूचना केली होती. दुआ आणि पठण यांनाही जेथे झोपलेल्याची व शेजाऱ्याची मर्यादा आहे, तेथे धुराच्या नळकांड्याला सूट कोठून मिळणार? हे लिहिताना आपल्या लग्नांतील मध्यरात्रीचे डीजे आणि जलशांचे भोंगे मला आठवतात. त्यांबाबत आपण थोर मंडळी काय करतो, हे पोरे पाहत असतात.

कायद्याचेही सांगितले पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) नुसार ध्वनी व वायू प्रदूषणाची मानके मोडणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. सूरह माइदाचा आरंभ वचने पाळण्याच्या आदेशाने होतो, आणि गाडीची नोंदणी हेही एक वचनच आहे. पण पोलीस पकडतील ही भीती मला या प्रकरणात सर्वांत किरकोळ वाटते.

खरी धास्ती निराळी आहे. अल्लाहच्या हक्कांत कसूर झाली तर तौबेचे दार उघडे आहे. माणसांच्या हक्कांत मात्र त्या माणसांकडूनच माफी मिळवावी लागते. ज्याने एकाचे पैसे बुडवले, त्याला निदान कोणाच्या दारी जायचे ते ठाऊक असते. रात्री साडेअकराला गल्लीतून गेलेल्या गाडीने किती तान्ही मुले दचकली, कोणाची रक्तदाबाची गोळी वाया गेली, कोणाची फजर हुकली, याची यादी स्वाराजवळ नसते. ती ठेवली मात्र जाते. नमाज, रोजे, जकात घेऊन आलेला माणूस इतरांची देणी फेडता फेडता कियामतच्या दिवशी दिवाळखोर ठरतो, ही हदीस आपण सर्वांनी ऐकलेली आहे. आपली देणी मात्र आपण पैशांतच मोजतो.

भाच्याला मी एवढे सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "पण मामू, माफी मागायची तरी कोणाकोणाची?" मला उत्तर देता आले नाही. समोरच्या दादीपासून सुरुवात कर, असे म्हणालो.

कापलेले पडदे पुन्हा बसत नाहीत. नवा सायलेन्सर महाग आहे, त्यासाठी तो पैसे साठवतो आहे. तोवर ईशानंतर घरी परतताना तो गल्लीच्या तोंडाशी इंजिन बंद करतो आणि गाडी ढकलत आत आणतो.