सुताराचा पुत्र आणि आपली मुले



दहावीचा निकाल लागला की शाळेतील व्यवसाय मार्गदर्शकाकडे पालकांची रांग लागते. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "एवढ्या टक्क्यांत कुठे मिळेल?" ज्याच्या आयुष्याचा निर्णय चाललेला असतो, तो मुलगा शेजारी खाली मान घालून बसलेला असतो. त्याला कोणी काही विचारत नाही. मार्गदर्शकाने आयटीआयचे नाव काढले की आईवडिलांचे चेहरे पडतात. लोक काय म्हणतील?

नाझरेथमध्येही लोक असेच म्हणाले होते. संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात प्रभूचे ज्ञान पाहून गावकरी थक्क झाले, पण हा तर सुतार, म्हणून अडखळले. संत पौल तंबू तयार करून पोट भरत असे. निर्गमच्या ३१ व्या अध्यायात देव बसालेलला आपल्या आत्म्याने भरतो, ते सोने, चांदी, दगड आणि लाकूड घडवण्यासाठी! हातातील कसब हेही आत्म्याचेच दान आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमावर विश्वपत्र लिहिले. काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, हा त्याचा गाभा. कामाचे मोल खुर्चीवरून नव्हे, तर ते करणाऱ्या व्यक्तीवरून ठरते. तत्त्वज्ञान सांगते की माणूस हा साध्य आहे, साधन नव्हे. मग आपले मूल आपल्या प्रतिष्ठेचे साधन कसे होईल?

संत जॉन बॉस्को यांनी १८५० च्या दशकात तुरीन शहरात गरीब मुलांना कारागिरांकडे शिकायला पाठवले. पण नुसते पाठवले नाही, मालकांशी लेखी करार केले. चूक झाली तर शब्दांनी समजवावे, मारू नये; रविवारी सुट्टी द्यावी, अशा अटी घातल्या. खरा मार्गदर्शक वाट दाखवून थांबत नाही, तो पाठीशी उभा राहतो.

आयटीआय म्हणजे नापासांची शिक्षा नव्हे. वेल्डरचा अभ्यासक्रम १ वर्षाचा, इलेक्ट्रिशियन, फिटरचा २ वर्षांचा. पुढे शिकायचे असेल, तर २ वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. दार बंद होत नाही. मात्र कमी गुण पडले म्हणून आवड नसलेल्याला तिथे ढकलणे हाही अन्यायच. आणि मुलीला वायरमन व्हायचे असेल, तर तिला हसू नका.

पाचारण केवळ धर्मगुरू आणि धर्मभगिनींनाच असते असे नाही. प्रत्येक मुलाला देव नावाने हाक मारतो. ती हाक ऐकू यायला घरात थोडी शांतता हवी. आज मिस्सानंतर घरी गेल्यावर टक्के बाजूला ठेवा आणि विचारा : "बाळा, तुला काय करायला आवडते?" उत्तर शेवटपर्यंत ऐका.

कामगारांचा आश्रयदाता संत योसेफ आपल्या मुलांच्या हातांना आशीर्वाद मिळवून देवो. आमेन.