खोडलेली दोन वाक्ये

काही वर्षांपूर्वी बीदरच्या एका स्मरणिकेसाठी मी खासगी शिकवण्यांवर लेख लिहिला होता. मलपृष्ठाची जाहिरात एका शिकवणी वर्गाची आहे, असे कळले आणि त्यातली दोन वाक्ये मी स्वतःच खोडली. मला कुणी सांगितले नव्हते.

मार्च २०१७ मध्ये द्वेषमूलक चित्रफितींबरोबर आपल्या जाहिराती दिसतात, म्हणून बड्या कंपन्यांनी यूट्यूबवरील जाहिराती थांबवल्या. त्यात गैर काही नाही. पैसा त्यांचा, अब्रूही त्यांचीच. पण पुढे नियम कडक झाले. आमच्याकडच्या शेतकऱ्याच्या आत्महत्येवर कुणी गंभीरपणे बोलला, तरी त्या नियमांखाली त्याच्या चित्रफितीवरची जाहिरात आटू शकत असे. चित्रफीत राही, मिळकत जाई. पुढच्या वेळी तो माणूस विषयच टाळत असे.

गांधीजींनी ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’त जाहिराती घेतल्या नाहीत. सर्वांना ते कसे परवडावे? हा अंकही जाहिरातींवरच निघतो. जाहिरात जरूर घ्यावी. पण कुणी न सांगता आपला हात खोडायला का जातो, हे ज्याचे त्याने तपासावे.

ती दोन वाक्ये अशी होती : जो गुरुजी शाळेत अर्धे शिकवतो आणि उरलेले संध्याकाळी पैसे घेऊन शिकवतो, तो चोरी करतो. आम्ही मुख्याध्यापक ते पाहतो आणि गप्प बसतो.