व्याघ्राचें सुवर्णकंकण

हितोपदेशांतील म्हाताऱ्या वाघाची गोष्ट तुम्हांपैकीं पुष्कळांनीं लहानपणीं ऐकिली असेल. (हा ग्रंथ १८१५ सालीं बंगाल्यांतील सेरामपूरच्या मिशन छापखान्यांतच मराठींत छापला गेला.) वाघ स्नान करून, हातीं दर्भ घेऊन तळ्याकाठीं बसला आहे आणि वाटसरूस सोन्याचें कंकण दान देऊं म्हणतो. आतां हा वाटसरू अगदींच मूर्ख नव्हता. त्यानें विचारिलें, कंकण कोठें आहे? वाघानें पंजा पुढें केला. त्यानें पुन्हां विचारिलें, तुझ्यासारख्या हिंस्र प्राण्यावर विश्वास कसा ठेवावा? वाघानें आपल्या पश्चात्तापाची व पडलेल्या दातांची हकीकत सांगितली. मग तो स्नानासाठीं तळ्यांत उतरला, चिखलांत रुतला आणि प्राणास मुकला. दोन्ही प्रश्न त्यानें वाघासच विचारिले होते. तळ्यांत चिखल किती, हें त्यानें दुसऱ्या कोणास विचारिलें नाहीं.

इसापनीतींतील कोल्हा पाहा. सिंह आजाराचें सोंग घेऊन गुहेंत निजला होता. कोल्ह्यानें दारापाशीं थांबून जमिनीकडे पाहिलें; पावलें आंत गेलेलीं होतीं, बाहेर आलेलें एकही नव्हतें. जिज्ञासा दोघांसही होती. वाटसरूची जिज्ञासा सोनें दिसतांच संपली, कोल्ह्याची आणखी एक पाऊल पुढें गेली. म्हणून जिज्ञासेस सरसकट पाप म्हणणारे उपदेशक मला पटत नाहींत.

बदलापुराजवळ कोंडेश्वरास पावसाळ्यांत धबधबा पाहावयास तरुणांच्या झुंडी येतात. कुंडाचें पाणी शांत दिसतें, पण खालीं खडक कोठें आहे तें काठावरून दिसत नाहीं. तेथें कित्येक बुडाले आहेत. उडी मारूं काय, हें ते एकमेकांस विचारितात. शेजारीं गुरें राखणाऱ्यास विचारीत नाहींत. २६ जुलै २०१९ च्या रात्रीं मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुरांत अडकली. रूळ पाण्याखालीं गेले होते. गाडींतून उतरूं नका, असें रेल्वेनें बजाविलें. आणि दुसऱ्या दिवशीं बचावपथकांनीं सुमारें १०५० प्रवासी सुखरूप बाहेर काढिले.

उल्हासनगरच्या मालावरील ‘मेड इन यूएसए’ ही थट्टा तुम्हीं ऐकिलीच असेल. त्या अक्षरांचा अर्थ म्हणे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’! १९४७ च्या फाळणींत सर्वस्व गमावून कल्याणच्या लष्करी छावणींत आलेल्या त्या कष्टाळू लोकांस मी येथें दोष देत नाहीं. माझें लक्ष गिऱ्हाइकाकडे आहे. त्यानें तीन अक्षरें वाचिलीं आणि मनांत होतें तेंच त्यांत पाहिलें.

यहोशवाच्या नवव्या अध्यायांत इस्राएलांनीं गिबोनकरांची शिळी, बुरसलेली शिदोरी घेऊन पाहिली, मात्र परमेश्वराचा सल्ला घेतला नाहीं. पुरावा हातांत होता, आणि तोच खोटा होता. एदेन वाटिकेंतही असेंच घडलें. हव्वेस फळ खाण्यास चांगलें व डोळ्यांस मनोहर दिसलें. त्याविषयीं तिचें सारें बोलणें सर्पाशींच झालें. वाटिकेचा धनी दूर देशीं गेलेला नव्हता. शीतल वाऱ्याच्या वेळीं तो तेथें फिरत असे. त्यास विचारण्यासाठीं तिला कितीसें थांबावें लागलें असतें? तो आला, तेव्हां तीं दोघें झाडांआड लपलीं होतीं, आणि तुम्ही कोठें आहां, हें त्यालाच विचारावें लागलें.