पाय ठेवायला जागा नसलेले ग्रह

शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात, किन्हवलीकडे, कुणाची परिस्थिती विचारली की उत्तर जमिनीत मिळतं: भाताची किती, वरकस किती. समृद्धी महामार्ग शहापुरातून गेल्यापासून एकराच्या जागी गुंठ्याची भाषा आली, एवढाच फरक. जे आहे ते पायाखाली आहे आणि सातबाऱ्यावर आहे, ही समजूत इतकी मुरलेली की दुसऱ्या जगाची कल्पना करतानाही आपण आधी तिथे जमीन अंथरतो. चंद्रावर माणूस उतरला, मंगळावर गाडी फिरली, तेव्हा ती आणखी पक्की झाली. गुरू आणि शनी मात्र तिला दाद देत नाहीत. सूर्य बाजूला ठेवला तर सूर्यमालेतलं बहुतेक सगळं वस्तुमान या दोघांकडे आहे, आणि पाय ठेवायला वीतभर जागा नाही.

मग गुरूवर आपलं वजन अडीचपट भरेल असं जे सांगतात, ते कुठे उभं राहून? खगोलशास्त्रज्ञांनी एक सोय करून घेतली आहे. वायूचा दाब आपल्या समुद्रसपाटीच्या हवेइतका होतो ती पातळी म्हणजे ग्रहाचा पृष्ठभाग, असं धरायचं. तिथे प्रत्यक्षात काहीच नसतं. ढग असतात आणि त्याखाली अधिकाधिक दाट होत जाणारा वायू. रेघ कागदावरची आहे, पण हिशेबाला पुरते. पन्नास किलोचं तांदळाचं पोतं स्प्रिंगच्या काट्याला लावून त्या पातळीवर कसंतरी टांगलं, तर गुरूवर काटा सव्वाशेच्या आसपास जाईल. शनीच्या विषुववृत्तावर तो पन्नासलाही पोचणार नाही. शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट आहे, तरीही! कारण ओढ नुसत्या वस्तुमानावर ठरत नाही. केंद्रापासून आपण किती लांब आहोत यावरही ठरते, आणि शनी एवढा फुगलेला आहे की त्याची सरासरी घनता पाण्याहून कमी भरते. त्यात तो साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे विषुववृत्तावर वजन आणखी थोडं घटतं. साडेसातीचा धसका घेणाऱ्यांना हे एकदा सांगून पाहायला हरकत नाही.

हे वजन काढायला कुणाला तिथवर जावं लागलं नाही. १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूचे चार चंद्र दिसले. अंधाऱ्या रात्री हातातल्या साध्या दुर्बिणीतूनही ते दिसतात. चंद्र किती लांब आहे आणि फेरीला किती वेळ घेतो, एवढ्यावरून न्यूटनने सूर्य गुरूच्या १०६७ पट जड असल्याचं गणित मांडलं. आजचा आकडा १०४७ आहे. गुरू कशाचा बनला आहे याचा पत्ताही नसताना माणसाने त्याला इतकं नेमकं तोललं होतं.

कशाचा बनला आहे, हा प्रश्न जास्त चिवट निघाला. मुख्यतः हायड्रोजन आणि त्याखालोखाल हेलियम, हे उत्तर आता शाळेतही सांगतात. हेलियमचं नाव निघालं की मराठी माणूस विजयदुर्गाचं नाव घेतो. तो तिथेच सापडला असं सांगितलं जातं, १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. गोष्ट गोड आहे, पण तारखा जुळत नाहीत. शोधाचं श्रेय ज्या दोन खगोलशास्त्रज्ञांना दिलं जातं, त्यांपैकी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात जान्सेन गुंटूरला होते, आणि नॉर्मन लॉकयर इंग्लंडमध्ये. सूर्याच्या वर्णपटातली, पुढे हेलियमची ठरलेली ती अनोळखी पिवळी रेषा लॉकयर यांनी ऑक्टोबरमध्ये तिकडूनच पाहिली. विजयदुर्गला ते आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांनी १८९५ मध्ये हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात पकडलाही होता. १८९८ ची मोहीम स्वतःच्या बळावर मोठी आहे. तिला उसना मान कशाला?

गुरूचा हेलियम प्रत्यक्ष मोजला गेला ७ डिसेंबर १९९५ रोजी. गॅलिलिओ यानातून सोडलेली कुपी ढगांतून खाली गेली, तासभर बोलत राहिली, आणि दाब आपल्या हवेच्या वीसपटींवर गेल्यावर गप्प झाली. तिने दिलेला आकडा चमत्कारिक होता. वस्तुमानाने हेलियम २३ टक्क्यांच्या आसपास. सूर्यमाला ज्या मेघातून घडली त्यात मात्र तो २७ टक्क्यांच्या वर असावा. उरलेला गेला कुठे? खोलवर एका पट्ट्यात हेलियम हायड्रोजनमध्ये मिसळेनासा होतो, त्याचे थेंब होतात आणि ते केंद्राकडे पडत राहतात, असा आजचा अंदाज आहे. निऑनही अपेक्षेपेक्षा फार कमी सापडला. तो त्या थेंबांत विरघळून खाली जात असावा. शनीवर हा पाऊस जास्त असावा. पडताना निघणारी उष्णता हे शनी सूर्याकडून मिळते त्याहून अधिक ऊर्जा बाहेर टाकतो याचं एक कारण मानलं जातं.

त्याच खोलीवर हायड्रोजनचंही रूप पालटतं. भौतिकशास्त्रज्ञ विग्नर आणि हंटिंग्टन यांनी १९३५ मध्येच म्हटलं होतं की पुरेसा दाब दिला तर हायड्रोजन धातूसारखा वागेल. गुरूच्या पोटात दाब आपल्या हवेच्या दहा लाखपटींच्या वर जातो, तिथे इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि द्रव हायड्रोजनमधून वीज वाहते. वायूचा म्हणवला जाणारा हा ग्रह आतून बराचसा वाहत्या धातूचा आहे. त्या धातूच्या हालचालीतून प्रचंड चुंबकीय क्षेत्र उभं राहतं, त्यात सापडलेले वेगवान इलेक्ट्रॉन रेडिओलहरी सोडतात, आणि त्या लहरी येतात आपल्या शेजारी. मुरबाडहून माळशेज चढून ओतूर, नारायणगावकडे गेलं की खोडद लागतं. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने तिथे उभ्या राहिलेल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ३० अँटेना, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, जुन्नरच्या शेतांमधून सुमारे २५ किलोमीटरवर पसरल्या आहेत. गुरूभोवतीच्या प्रारणपट्ट्यांचा त्यांनी अभ्यास केला आहे. टाऊ बूटिस या ताऱ्याच्या गुरूसारख्या ग्रहाकडेही त्यांनी सुमारे ४० तास कान लावला. काही ऐकू आलं नाही. त्या ग्रहाचं क्षेत्र दुबळं असेल, किंवा लहरी आपल्या दिशेने आल्या नसतील. एका नकारावरून पोटातलं ओळखता येत नाही.

गुरूच्या बाबतीत २०१६ मध्ये जुनो यान पोचलं आणि न्यूटनचीच युक्ती बारीक झाली. ग्रहाच्या आत वस्तुमान जिथे जरा जास्त, जरा कमी, तसं जवळून जाणारं यान किंचित पुढे ओढलं जातं, किंचित मागे राहतं. रेडिओसंदेशाच्या बदलत्या कंप्रतेवरून वेगातला हा फरक सेकंदाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत कळतो. त्यातून दिसलं की ढगांचे पट्टे सुमारे ३,००० किलोमीटर खोल जातात आणि त्याखालचा ग्रह एकसंध गोळ्यासारखा फिरतो. मधोमध खडक-बर्फाचा घट्ट गाभा असेल, ही अपेक्षा मात्र डळमळली. जड मूलद्रव्यं हायड्रोजनमध्ये मिसळून फार दूरवर पसरलेली दिसतात. म्हणजे जमीन वर नव्हती, ती तळाशी तरी सापडेल ही आशाही गेली. मला हे त्या मोहिमेचं सर्वांत मोलाचं फळ वाटतं.

आकाराचंही तसंच. मोठा म्हणजे जड, हा हिशेब गुरूपाशी संपतो. पेंढ्याची उडवी रचताना वर आणखी भारे टाकले की खालचे दबतात आणि उंची वाढेनाशी होते. गुरूत आणखी वस्तुमान ओतलं तर तो असाच आत दबेल, फारसा फुगणार नाही. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या दुर्बिणीवरून तोललेला, २०२३ मध्ये जाहीर झालेला टीओआय-४६०३ बी हा ग्रह पाहा. व्यास जवळपास गुरूइतका, वस्तुमान सुमारे १३ पट, घनता शिशाहून जास्त. साधारण १३ पटींच्या पुढे पोटात ड्युटेरियम जळू लागतं आणि अशा गोलाला ग्रहाऐवजी तपकिरी बटू म्हणतात. हा नेमका त्या रेघेवर आहे, आणि मोजमापातली चूक धरली तर तो रेघेच्या अलीकडे की पलीकडे, हे मोजणाऱ्यांनाही ठामपणे सांगता येत नाही.