कॉर्टिसॉलवरचा आळ

सध्या कॉर्टिसॉलला वाईट दिवस आले आहेत. पोट सुटलं, झोप उडाली, जीव उगाच धास्तावला, की रील करणारे त्याच्याकडेच बोट दाखवतात. ‘कॉर्टिसॉल घटवा’ म्हणत पावडरी आणि गोळ्या विकल्या जातात. विकणारे विकणारच. पण हार्मोन वाढलं म्हणजे चिंता वाढली, ही समजूत आली कुठून आणि संशोधकांनी ती कधी सोडली, हे बघण्यासारखं आहे.

१९३६ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात हान्स सेल्ये उंदरांना अंडाशयाचा अर्क टोचत होते, नवं हार्मोन सापडेल या आशेने. सापडलं भलतंच. काहीही टोचा, अगदी फॉर्मॅलिनसुद्धा, परिणाम तेच: मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी फुगायच्या, थायमस आक्रसायची, जठरात व्रण पडायचे. संकट कुठलंही असो, शरीराचं उत्तर एकच. त्यातून ॲड्रिनलचा स्राव (त्यात कॉर्टिसॉलही आलं) आणि ताण यांची सांगड बसली ती कायमची. मेंदू या चित्रात जवळजवळ नव्हताच.

त्याला चित्रात आणलं ते संधिवाताच्या रुग्णांनी. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आजाराने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसॉलचंच जवळचं भावंड, दिलं आणि काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. दोन वर्षांनी हेंच यांना नोबेल मिळालं. पुढे हे औषध सर्रास वापरात आलं, तशी डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. काही रुग्ण त्यावर अकारण खुशीत असत, काहींची झोप उडे, काही बेचैन होत, थोडे तर भ्रमिष्टही होत. औषध एकच आणि मनं चार दिशांना. हार्मोन हेच जर चिंतेचं कारण असेल, तर हे खुशीत असलेले रुग्ण कुठे बसवायचे? या सगळ्या इतिहासात मला हाच प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो.

उत्तराची पहिली खूण १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मिळाली. ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲड्रिनल काढून टाकलेल्या उंदरांना किरणोत्सारी कॉर्टिकोस्टेरॉन टोचलं. उंदरात कॉर्टिसॉलचं काम हेच हार्मोन करतं. ते मेंदूत सर्वाधिक साचलं ते हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींशी बांधलेल्या भागात. हार्मोन तिथे वाट चुकून पोचलं नव्हतं. त्याला धरून ठेवणारे रिसेप्टर तिथे होते.

१९८५ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉइल आणि द क्लोएट यांनी दाखवलं, की हे रिसेप्टर दोन जातींचे आहेत. मिनरॅलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर हार्मोनला सुमारे दहापट घट्ट धरतो, त्यामुळे अगदी शांत वेळीही तो बहुतेक भरलेला असतो. ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर भरतो तो पातळी चढल्यावर, पहाटे किंवा संकटात. पहिला सोसायटीचा रोजचा वॉचमन, दुसरा आग लागल्यावर येणारा बंब. समोरची गोष्ट धोक्याची आहे का, हे जोखण्यात पहिल्याचा हात असतो. धावपळ आवरणं आणि घडलेलं स्मरणात मुरवणं यांत दुसऱ्याचा. द क्लोएट यांचा भर पुढे कायम राहिला तो या दोघांच्या समतोलावर.

मग जनुकं बदललेले उंदीर आले. १९९९ मध्ये युरोपातल्या एका गटाने मज्जासंस्थेत ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर नसलेले उंदीर तयार केले. ते कमी घाबरत. २००७ मध्ये दुसऱ्या एका गटाने मेंदूच्या पुढच्या भागात मिनरॅलोकॉर्टिकॉइड रिसेप्टर वाढवला. हेही उंदीर कमी घाबरत. इथे ‘घाबरणं’ म्हणजे काय, ते सांगायला हवं. जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंचीवर अधिकच्या चिन्हासारखा एक मंच असतो. त्याच्या दोन भुजांना भिंती, दोन उघड्या. उंदराला मधोमध सोडतात आणि पाच मिनिटं बघतात, की तो उघड्या भुजेवर किती वेळा जातो, कडेवरून मान खाली घालून डोकावतो का, की भिंतींच्या आड दबून राहतो. चिंतेबद्दलचं बरंचसं ज्ञान या पाच मिनिटांवर उभं आहे. कर्जाचा हप्ता थकलेल्या माणसाची रात्र त्यात मावत नाही, एवढं भान ठेवून पुढचं वाचावं.

बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं, की रोज दोन तास, असं दहा दिवस जखडून ठेवलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या शाखा आखडतात आणि भीतीशी निगडित अमिग्डलातल्या मात्र फोफावतात. ताण तोच, पण मेंदूच्या दोन भागांत परिणाम उलटे. याच गटाच्या नंतरच्या कामात आणखी नवल आहे: एकाच तीव्र ताणाआधी कॉर्टिकोस्टेरॉन दिलं, तर दहा दिवसांनी उद्भवणारी चिंता टळते. माणसांतही असंच काही दिसलं. २००६ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी कोळ्यांची किंवा चारचौघांत बोलण्याची पराकोटीची भीती असलेल्यांना कॉर्टिसॉल किंवा कॉर्टिसोन प्रसंगाआधी दिलं, आणि त्यांची भीती घटली. पावडर विकणाऱ्यांच्या हे कानावर गेलेलं नसावं.

खरी ठेच लागली ती औषध बनवणाऱ्यांना. कॉर्टिसॉल सोडण्याचा हुकूम मेंदूतून सीआरएफ नावाच्या ४१ अमिनो आम्लांच्या रेणूमार्फत निघतो. तो १९८१ मध्ये वायली व्हेल यांनी मेंढ्यांच्या मेंदूतून वेगळा केला. १९९८ मध्ये त्याचा सीआरएफ-१ रिसेप्टर नसलेले उंदीर कमी घाबरताना दिसले आणि कंपन्या कामाला लागल्या. रिसेप्टर अडवा, चिंता संपली, असा सरळ हिशेब होता. २०१० मध्ये अशा एका औषधाची, पेक्सासरफाँटची, चिंताविकारावरची चाचणी छापून आली. ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. त्याच चाचणीतलं जुनं औषध, एसिटॅलोप्रॅम, मात्र ठरलं. पुढच्याच वर्षी म्युनिकच्या मॅक्स प्लँक संस्थेतून एक संभाव्य कारण पुढे आलं: हाच रिसेप्टर ग्लुटामेट वापरणाऱ्या पेशींवर असला तर चिंता वाढवतो, डोपामिनच्या पेशींवर असला तर ती कमी करतो. सरसकट अडवणारी गोळी दोघांनाही गप्प करणार.

डिसेंबर २०२४ मध्ये याच कुळातल्या क्रिनेसरफाँट या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, ती ॲड्रिनल ग्रंथींच्या एका जन्मजात आजारावर. चिंतेसाठी या मार्गाने बाजारात आलेलं एकही औषध अजून नाही.