नाव ठेवण्याआधी

चि. भाच्यास,


सोसायटीच्या धान खरेदीचा हिशेब ठेवणारा तुझा प्रोग्राम पाहिला. टोकन, बारदाना, वजन, चुकारे, सगळं एका पानावर येतं. तो सगळ्यांना खुला आणि फुकट द्यायचा तुझा विचार तर फारच चांगला. फक्त ‘डीपीएमएस’ हे नाव पटलं नाही, म्हणून लिहितो.

विकायच्या सॉफ्टवेअरला जाहिरात असते, कमिशनवर फिरणारी माणसं असतात. तुझ्या खुल्या प्रोग्रामला यातलं काही नाही. लाखांदूरच्या खरेदी केंद्रावरचा ग्रेडर पवनीच्या ग्रेडरला फोनवर म्हणेल, “ते अमुक टाकून पाय ना,” एवढीच तुझी जाहिरात. ‘डीपीएमएस’ सांगितलं तर पलीकडचा ‘बीपीएमएस’ लिहून घेईल आणि गोष्ट तिथंच संपेल.

नावातूनच काम कळायला हवं. २०२१ मध्ये सरकारनं पिकं नोंदवायचं ॲप राज्यभर आणलं, त्याचं नाव ‘ई-पीक पाहणी’. पीक पाहणी तलाठी वर्षानुवर्षं करत आले होते, त्यामुळे ॲप कशाचं हे कुणाला समजावावं लागलं नाही. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं खुलं सॉफ्टवेअर ‘ईआरपीनेक्स्ट’ घे. ईआरपी, म्हणजे धंद्याचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, शोधणाऱ्याला त्याचं काम नावातच कळतं.

तू सुचवलेलं दुसरं नाव ‘शेतकरी’. ते कळतं, पण सापडणार नाही. आपल्या गावाचंच बघ. नुसतं ‘दिघोरी’ म्हटलं की लोक नागपूरच्या उमरेड रोडवर पोचतात. ‘मोठी’ जोडल्याशिवाय आपला पत्ता पुरा होत नाही. शेतकरी नावाच्या गर्दीत तुझा प्रोग्राम कोण हुडकणार?

दुसऱ्याच्या नावावरही पाय देऊ नकोस. मोझिलाचा ब्राउझर आधी ‘फिनिक्स’ होता. ट्रेडमार्कची अडचण आली, म्हणून २००३ मध्ये तो ‘फायरबर्ड’ झाला. त्या नावाचा खुला डेटाबेस आधीच होता, त्याच्या लोकांनी हरकत घेतली, आणि २००४ मध्ये ‘फायरफॉक्स’ आलं.

सगळ्यात मोठा धडा ‘ओपनऑफिस’ या खुल्या ऑफिस सॉफ्टवेअरचा. २०१० मध्ये त्याचे बरेच कार्यकर्ते ओरॅकल या मालक कंपनीपासून वेगळे झाले. परवाना खुला, म्हणून कोड नेता आला. नाव ओरॅकलचं, ते नेता आलं नाही. ‘लिबरऑफिस’ म्हणून नव्यानं ओळख करून द्यावी लागली. पुढे काम मुख्यतः लिबरऑफिसमध्येच वाढलं, तरी लोक ओळखीच्या नावामागे जातच राहिले. शेवटी २०२० मध्ये लिबरऑफिसवाल्यांनी ओपनऑफिसवाल्यांना जाहीर पत्र लिहिलं, की तुमच्याकडे येणाऱ्यांना आमच्याबद्दलही सांगा. तेव्हा कोड खुशाल वाटून टाक, पण नाव सांभाळ. परवान्यासोबत लिहून ठेव, की फेरफार करून वाटणाऱ्यानं वेगळं नाव घ्यावं.

मात्र नावाकडून फार अपेक्षाही धरू नकोस. चित्रांचं काम करणारं ‘गिंप’ तुला माहीत आहे. इंग्रजीत हा शब्द अपंगांना हिणवायला वापरतात, म्हणून काहींनी २०१९ मध्ये तेच सॉफ्टवेअर ‘ग्लिम्प्स’ नावानं काढलं. नाव बरं होतं, पण काम करायला माणसं पुरेनात. २०२१ मध्ये ते थांबलं. गिंप अजून चालू आहे.

मला ‘धानवही’ सुचतं. तोंडात बसतं, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत सारखंच सोपं लिहिता येतं, आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत कुणाला अर्थ विचारावा लागणार नाही. पण प्रोग्राम तुझा, बारसं तूच कर. जे ठरवशील ते इंटरनेटवर आणि ट्रेडमार्कच्या यादीत आधी शोधून बघ. मग काट्यावरच्या हमालाला एकदा सांग आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच विचार. त्याला आठवलं, तर बिनधास्त ठेव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा